देऊळ कोणी बांधलं?



पुस्तक उघडून बसलाच आहात, तर आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्या गावात, नाहीतर शेजारच्या गावात, महादेवाचं एखादं जुनं दगडी देऊळ असेलच. आपल्या नांदेड-लातूरकडं तर चार गावं आड एक आहे. ते देऊळ कोणी बांधलं?

सप्ताहात मी हा प्रश्न टाकला की मंडपातून दोनच उत्तरं येतात. म्हातारी माणसं म्हणतात, पांडवांनी बांधलं. एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला आणि शिखर तेवढं राहून गेलं. शिकलेली पोरं म्हणतात, हेमाडपंतानं बांधलं. बाकीचे माना डोलावतात, आणि विषय संपतो. मीही कितीतरी वर्षं हेच सांगत होतो बरं का. दोष तुम्हाला देत नाही.

पण आज आपण जरा हिशेब करू. हिशेब म्हटलं की लोक अंग चोरतात. देवाच्या दारातला हिशेब आहे, घाबरू नका.

हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री पंडित, हे देवगिरीच्या यादवांचे श्रीकरणाधिप होते. राज्याचं सगळं दप्तर त्यांच्या हाती. महादेवराय यादव गादीवर आला १२६१ च्या सुमारास, आणि त्याच्यानंतर १२७१ मध्ये रामदेवराय. या दोन्ही राजांच्या पदरी हेमाडपंत होते. म्हणजे आपल्या ज्ञानोबा माऊलींचा, नामदेवरायांचा तो काळ. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. हे आकडे एका हाताच्या बोटांवर धरून ठेवा. आता देगलूरला चला.

देगलूर म्हटलं की वारकऱ्याचे हात आपोआप जुळतात. गुंडामहाराजांचं देगलूर, धुंडामहाराजांचं देगलूर. नांदेड जिल्ह्याचं हे शेवटचं टोक, पलीकडं तेलंगण आणि कर्नाटक. या देगलूर तालुक्यात होट्टल नावाचं गाव आहे. गाव लहान, पण देवळांचं धन मोठं. त्यातलं सगळ्यांत देखणं देऊळ सिद्धेश्वर महादेवाचं. होट्टलच्या देवळांच्या बांधकामाला दान देणाऱ्यांची नावं सांगणारे शिलालेख तिथं मिळाले आहेत. त्यांचा काळ आहे साधारण १०७० चा.

आता दुसऱ्या हाताची बोटं पुढं करा. १०७० ते १२७०, दोनशे वर्षं. १२७० हे नामदेवरायांचं जन्मवर्ष. म्हणजे होट्टलला लोक देवळासाठी पदर सोडत होते, तेव्हा नामदेवरायांच्या जन्माला दोनशे वर्षं अवकाश होता. ज्ञानेश्वरीला दोनशे वीस वर्षं अवकाश होता. आणि हेमाडपंतांच्या पणजोबाचाही पत्ता नव्हता! मग त्यांनी ते देऊळ कसं बांधलं?

नाही बांधलं. ‘हेमाडपंती’ हा शब्द आपण चुना न घालता बांधलेल्या प्रत्येक दगडी देवळाला लावतो. कामाच्या पद्धतीचं नाव म्हणून तो शब्द चालू द्या, हरकत नाही. हेमाडपंतांच्या काळात देवळं झाली, तीही खरी. पण आपल्या भागातली कितीतरी देवळं त्यांच्याही आधीची आहेत. ती आहेत कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली.

कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. आपल्या निलंग्याहून, देगलूरहून काही फार लांब नाही. तिथं चालुक्यांची राजधानी होती. पहिला सोमेश्वर हा मोठा राजा. शेवटी असाध्य दुखण्यानं गांजला, आणि १०६८ साली त्यानं तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. एवढं राज्य, एवढं सैन्य, पण देहाच्या दुखण्यापुढं कोणाचं काही चाललं नाही. मागं मुलं होती. थोरला दुसरा सोमेश्वर गादीवर बसला आणि धाकट्या विक्रमादित्याशी त्याचं बिनसलं. १०७६ मध्ये धाकट्यानं थोरल्याला बाजूला सारून गादी घेतली आणि स्वतःच्या नावाचा शकही सुरू केला. हाच सहावा विक्रमादित्य. पन्नास वर्षं त्यानं राज्य केलं. त्याच्या दरबारात काश्मीरहून आलेला बिल्हण कवी होता. त्याच्याच काळात विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ टीका लिहिली. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्यांसाठी आपण कोर्टात जातो ना, तिथं आजही या मिताक्षरेचं नाव निघतं. भावानं भावाची गादी घेतली आणि त्याच राज्यात भावाभावांच्या वाटणीचा ग्रंथ झाला! भगवंताची लीला, दुसरं काय.

आता मला यात काय दिसतं ते सांगतो. १०७० साल हे त्या दोन भावांच्या मधलं साल. बाप जाऊन दोन वर्षं झालीत, भावांचं पटत नाही, उद्या कोण राजा असेल कोणाला ठाऊक नाही. आणि इकडं होट्टलला माणसं देवळासाठी दान देतायत! आपण काय म्हणतो? ‘अवंदा पाऊस बरा होऊ दे महाराज, मग बघू.’ त्या माणसांनी वाट पाहिली नाही. राजे आले, राजे गेले. नावं दगडात राहिली ती देणाऱ्यांची.

चला, आता देवळाचं दर्शन घेऊ. पण घाईनं गाभाऱ्यात शिरायचं नाही. जुन्या देवळाचं दर्शन बाहेरून सुरू होतं.

आधी खाली बघा. देऊळ जमिनीवर एकदम उभं नाही, त्याला जोतं आहे. शिल्पशास्त्रात त्याला अधिष्ठान म्हणतात. त्यावर भिंतीचा जो नक्षीदार भाग येतो तो मंडोवर, आणि मंडोवराच्या वर शिखर. पाय, अंग आणि मस्तक. देऊळ हा देवाचा देहच आहे, म्हणून तर आतल्या जागेला गर्भगृह म्हणतात. भिंत कशी आहे तेही बघा. सरळ सपाट नाही, आत-बाहेर कोन काढलेले आहेत. सूर्य जसा फिरतो तशा त्या कोनांच्या सावल्या फिरतात, आणि दगडातल्या मूर्ती दिवसभरात वेगवेगळ्या दिसतात. सकाळी गेलात तर संध्याकाळीही जा.

होट्टलच्या सिद्धेश्वराच्या बाहेरच्या भिंतीवर देवदेवता आहेत आणि सुरसुंदरी आहेत. या सुरसुंदरींकडं बघताना आपली माणसं बिचकतात. देवाच्या भिंतीवर नटलेल्या बाया कशाला, असं हळूच विचारतात. माऊली, प्रदक्षिणा ही संसाराची फेरी आहे. त्या फेरीत रूप आहे, शृंगार आहे, नाच आहे, वाद्य आहे. जुन्या शिल्पकारांनी सुरसुंदरींचे प्रकार ठरवले आहेत. आरशात बघणारी ती दर्पणा, पत्र लिहिणारी ती पत्रलेखिका. दर्पणेपुढं थांबा आणि स्वतःला विचारा, मी आरशात काय बघतो? केस बघतो का स्वतःला बघतो? आणि त्या पत्र लिहिणारीकडं बघून हेही ध्यानात घ्या, की आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराला लिहिणारी बाई दगडात कोरावीशी वाटली. आपण पोरीला शाळेतून काढताना तिच्याकडं एकदा बघावं.

फेरी झाली. आता दारात या. जुन्या देवळाच्या उंबऱ्यावर एक अक्राळविक्राळ तोंड कोरलेलं असतं, मोठे डोळे, बाहेर आलेले दात. लेकरं घाबरतात. ते कीर्तिमुख. त्याची कथा पुराणात आहे. जालंधर दैत्यानं राहूला शंकराकडं पाठवलं, पार्वती मला दे म्हणून. शंकराच्या क्रोधातून एक भुकेला पुरुष प्रकटला आणि राहूला खायला धावला. राहू शरण आला. शरणागताला शंकरानं सोडवलं. पण याची भूक? ‘मी काय खाऊ?’ महादेव म्हणाले, ‘स्वतःलाच खा.’ त्यानं मागं-पुढं पाहिलं नाही. पाय खाल्ले, हात खाल्ले, धड खाल्लं, तोंड तेवढं उरलं. महादेव प्रसन्न झाले. म्हणाले, तू माझ्या दारात राहा, तुला मान दिल्याशिवाय माझी कृपा नाही. ‘मी’पणा सगळा खाऊन टाकल्यावर जे उरतं त्याचं नाव कीर्ती. उंबरा ओलांडताना एवढं आठवलं तरी दर्शन झालं म्हणा.

आत सभामंडप. वर मान करा. छत कसं केलंय? चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकल्या, त्यानं चौकोन लहान झाला. त्यावर पुन्हा तिरप्या शिळा. असं करत करत उघडी जागा एवढीशी उरते आणि एका शिळेनं झाकली जाते. लोखंड नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड, एकाचं वजन दुसऱ्यानं तोललेलं. मधल्या चार खांबांच्या खाली बहुधा एक गोल किंवा चौकोनी उंचवटा असतो, त्याला रंगशिळा म्हणतात. देवापुढं नृत्य-गायन व्हायचं ती ही जागा. मी कीर्तनाला उभा राहतो तीच म्हणा ना.

मंडपाच्या पुढं अंतराळ, आणि मग गाभारा. बाहेर एवढी नक्षी, मंडपात त्याहून कमी, आणि गाभाऱ्यात काहीच नाही. साध्या भिंती, अंधार, आणि पिंड. आत जावं तसं सगळं गळत जातं. हे देऊळ आपल्याला न बोलता कीर्तन सांगतं, माऊली.

लातूर जिल्ह्यात निलंग्याला गेलात तर नीलकंठेश्वराचं देऊळ बघा. तिथं एका सभामंडपाला तीन गाभारे आहेत. एकात नीलकंठेश्वर महादेव, एकात विष्णू, एकात हर-गौरी. शैव मोठा का वैष्णव मोठा, हा वाद ज्याला घालायचा त्यानं त्या मंडपाच्या मधोमध बसून घालावा. तिन्हीकडून देव बघतायत! आपला पांडुरंगही डोक्यावर शिवलिंग धारण करून उभा आहे. हरिहरांचं ऐक्य वारकऱ्याला कोणी नव्यानं शिकवायला नको, ते आपल्या मराठवाड्याच्या दगडात आधीच बांधून ठेवलंय.

आता मूळ प्रश्नावर येतो. देऊळ कोणी बांधलं?

या भागातले त्या काळचे बरेचसे लेख कानडीत आहेत, काही संस्कृतात. माऊलींनी पांडुरंगाला कानडा म्हटलंय ते काही उगीच नाही. तेव्हा आपल्याकडं राजाची भाषा कानडी होती. रित्ती आणि शेळके या दोन अभ्यासकांनी नांदेड जिल्ह्यातले शिलालेख वाचून, १९६८ साली त्यांचं पुस्तक छापलं. उन्हातान्हात गावोगाव हिंडून, दगडावरची माती पुसून अक्षर न् अक्षर लावलं. ही पण वारीच म्हणायची.

अशा लेखांत काय असतं? राजाचं नाव, काळ, आणि मग दान. नंदादीपाच्या तेलासाठी कोणी काय दिलं, नैवेद्यासाठी कोणी जमीन दिली. दगडाच्या वरच्या अंगाला सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. का? हे दान चंद्र-सूर्य आहेत तोवर चालावं म्हणून. कुठं शिवलिंग, कुठं गाय-वासरू. आणि शेवटी बजावलेलं असतं, की हे दान जो बुडवील त्याला मोठं पाप लागेल. चंद्र-सूर्य ओळखून ठेवा, पुढं काम आहे.

पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे. आपण सगळ्यांनी त्याला पाठ घासलीय. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो म्हणून. पण त्यावर काय लिहिलंय ते किती जणांना ठाऊक आहे? १२७३ पासून पुढच्या चार-पाच वर्षांत विठ्ठलाच्या देवळाला दान देणाऱ्यांची ती यादी आहे. त्यात हेमाडपंतांचं नाव आहे. रामदेवराव यादवाचं आहे, आणि त्याला पंढरीच्या फडाचा प्रमुख म्हटलं आहे. केवढा मान! राजाही फडकरी! आणि त्याच यादीत साध्यासुध्या माणसांचीही नावं आहेत. शेकडो वर्षं आपण भक्तीनं पाठी घासल्या, आणि अक्षरं झिजली. भाव खोटा नव्हता. पण ज्यांनी दिलं त्यांची नावं आपल्याच पाठीनं पुसत गेली.

आता माझी गोष्ट सांगतो. सांगायला जीभ जड होते, पण व्यासपीठावर उभं राहून दुसऱ्याच्याच चुका सांगायच्या हे बरं नाही.

पुष्कळ वर्षं झाली. एका गावी सप्ताह होता, गावाचं नाव घेत नाही. गावात महादेवाचं पडकं दगडी देऊळ. पिंपळानं भिंत फोडलेली, पावसात गळायचं. मंडळींनी ठरवलं, हे पाडायचं आणि सिमेंटचं नवं बांधायचं. मला म्हणाले, ‘महाराज, काल्याच्या कीर्तनात आवाहन करा.’ एक म्हातारा तेवढा आडवा आला, म्हणाला दगडाला हात लावू नका. तेव्हा दुसरा एक जण उठून म्हणाला, ‘मी त्रेण्णव साली दगडाखाली माणसं काढलीत. मला दगडाचं नको.’ मंडप गप्प झाला.

तुम्हाला ते साल सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या आत किल्लारीची भुई हलली. आठ-दहा हजार माणसं गेली. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, आणि वर मातीचं जड माळवद. ते सगळं झोपल्या माणसांवर आलं. त्या माणसाच्या डोळ्यांत ती पहाट होती. त्याला मी काय बोलणार? मी आवाहन केलं. माझ्या शब्दावर एका दिवसात पैसा उभा राहिला. देऊळ पाडलं, दगड ओढ्याच्या काठाला टाकले.

दोन वर्षांनी त्याच गावी गेलो. ओढ्यावर धुणं चाललं होतं. एक बाई ज्या दगडावर धुणं आपटत होती, त्याच्या वरच्या कडेला सूर्य होता आणि चंद्र होता. खाली अक्षरांच्या ओळी. अर्ध्या गुळगुळीत झालेल्या. मी तिथंच बसलो. ज्यानं तेलासाठी दान दिलं असेल, ज्यानं चंद्र-सूर्याला साक्षी ठेवलं असेल, त्याचं नाव मी पुसलं होतं. माझ्या गोड गळ्यानं पुसलं होतं.

त्या माणसाची भीती खोटी नव्हती, हे मी आजही म्हणतो. पण मातीत रचलेली गोट्यांची भिंत वेगळी, आणि घडून एकमेकांत बसवलेल्या शिळांचं देऊळ वेगळं. त्यालाही धोका असतो. झाडाची मुळं शिरतात, पाणी मुरतं, सांधे सुटतात. मग जाणत्याला बोलवायचं, दगडांना आकडे घालायचे, उतरवायचे आणि पुन्हा जागच्या जागी बसवायचे. हे होतं, माऊली. तेव्हा मला कळत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

होट्टलला बघा काय झालं. पुरातत्त्व खात्यानं तिथल्या देवळांच्या जतनाचं काम हाती घेतलं. पडलेल्या देवळांचा ढिगारा उपसताना एका शिवमंदिराचं जोतंच उघडं पडलं. शिवलिंगासकट. जवळ ढिगानं जुन्या विटा मिळाल्या, म्हणजे बांधकामात विटाही वापरल्या होत्या. साडेनऊशे वर्षं होत आली, आणि महादेव मातीखाली बसून होता, कोणी विचारायला येतंय का म्हणून. तो ढिगारा कोणी आधीच जेसीबीनं उचलून भरावाला टाकला असता, तर?

म्हणून वाचणाऱ्या माऊलींना पदर पसरून चार गोष्टी मागतो. मला नारळ नको, दक्षिणा नको.

जुन्या देवळाच्या दगडाला ऑइल पेंट फासू नका. मूर्तीवर शेंदराचे थरावर थर चढवू नका. अंगणात, पारावर, ओढ्याला कुठं सूर्य-चंद्र कोरलेला दगड दिसला, तर त्यावर धुणं धुऊ नका, पायरीला लावू नका. फोटो काढा, तहसीलला कळवा. नांदेडला राज्य पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे, तिथं कळवा. आणि जीर्णोद्धार करायचाच असेल तर पहिला घण घालण्याआधी विचारा. नवं देऊळ शेजारी बांधता येतं. जुनं एकदा गेलं की कोणत्याही देणगीनं परत येत नाही.

मग देऊळ कोणी बांधलं? ज्याच्या हाती चार दाम होते त्यानं बांधलं. ज्याच्या हाती छिन्नी होती त्यानं बांधलं. राजाच्या घरात भांडण असताना ज्यानं तेलाची धार तुटू दिली नाही, त्यानं बांधलं. त्यांची नावं दगडावर आहेत. आपल्याला नवी नावं कोरायची घाई आहे, पण आधी जुनी वाचून घेऊ.

पुढच्या वेळी देगलूरकडं गेलात तर वाकडी वाट करून होट्टलला जा. बाहेरून एक फेरी घाला, उंबऱ्यावर थांबा, आणि पिंडीवर बेल वाहताना त्या १०७० च्या माणसांच्या नावानंही एक पान वाहा. नाव वाचता आलं नाही तरी चालेल. महादेवाला ते पाठ आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! सिद्धेश्वर महाराज की जय!